‘एक्सप्रेस’ रायफल : आगगाडीच्या वेगाची गोळी
एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या उघड्या डोंगरउतारांवर हरणाच्या शिकाऱ्याची खरी कसोटी अंतराच्या अंदाजात असे. जड, मंद गोळी वाटेत झपाट्याने खाली येई. अंदाज चुकला, की हरीण जखमी होऊन निसटे.

१८५६ साली लंडनचे बंदूकनिर्माते जेम्स पर्डी यांनी हलकी गोळी आणि दारूचा मोठा बार यांचा मेळ घातला. गोळीचा मार्ग बराच सपाट झाला. या रायफलींना त्यांनी आगगाडीवरून नाव दिले : ‘एक्सप्रेस ट्रेन’.

१९२५ च्या .२७० विंचेस्टर काडतुसामागेही हेच तत्त्व होते. १०० यार्डांवर गोळी नेमबिंदूच्या ३ इंच वर लागेल अशी दुर्बीण जुळवली, तर सुमारे २७५ यार्डांवर ती पुन्हा नेमबिंदूवर येते. वेगाने अंदाजातली चूक पोटात घातली. पण तेवढ्याच पल्ल्यापर्यंत.