श्वानजातींची बदनामी आणि धन्याचे उत्तरदायित्व : १८३२ च्या मुंबईच्या संदर्भात

कुत्र्याची अमुक एक जात मुळातच हिंस्र किंवा निरुपयोगी असते, ही समजूत केवळ लोकमानसापुरती मर्यादित नाही. शासकीय हुकुमांच्या भाषेतही ती वेळोवेळी उतरली आहे. प्रस्तुत लेखात या समजुतीचा मागोवा मुंबईतील १८३२ च्या दंगलीच्या आधारे घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आपल्याकडील गावठी कुत्र्यास इंग्रजांनी ‘परिया डॉग’ म्हटले. हा शब्द ‘परैयर’ या तमिळ जातिनामावरून आलेला आहे. माणसांच्या एका समूहावर लादलेली हीनता अशा रीतीने जनावराच्याही माथी आली. वस्तुतः हा कुत्रा एका घरचा नसला तरी बेवारस नव्हता. तो आळीचा, वाड्याचा, वस्तीचा असे. नवापूर तालुक्यातील पाड्यांवर आजही कुत्रा साखळीला बांधलेला क्वचितच दिसतो. अंगण आणि शेळ्या मात्र तोच राखतो. मालकी म्हणजे एका व्यक्तीचा हक्क, असे मानणाऱ्या प्रशासनाला हे नाते उमगणे कठीण होते.

मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने १८१३ मध्ये केला. वर्षातील ठरावीक काळात ही मोहीम चाले आणि प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे मिळत. बक्षीस डोक्यामागे असल्याने पाळीव कोणता आणि मोकाट कोणता, हे पाहण्यात मारणाऱ्याचे कोणतेच हित नव्हते. सरकारची भीती अगदीच निराधार होती, असेही म्हणता येत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर त्या काळी इलाज नव्हता. पाश्चरची लस १८८५ मधली. परंतु १८३२ मध्ये मोहिमेची मुदत वाढविण्यात आली आणि ६ जून रोजी पारशी जमावाने शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि कुलाब्यातील सैन्याकडे जाणारी रसद अडविण्यात आली. अखेर लष्कर बोलवावे लागले.

या उद्रेकाकडे केवळ धार्मिक भावनेचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे ठरेल. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याचा ‘सगदीद’ हा पारशी विधी सर्वश्रुत आहे. वेंदिदादमधील तेराव्या आणि पंधराव्या प्रकरणांची मात्र फारशी चर्चा होत नाही. मेंढपाळाचा कुत्रा, घरचा कुत्रा आणि भटका कुत्रा असे भेद तेथे केलेले आहेत. पण हे भेद स्वभावाचे नसून कामाचे आहेत. वाईट अन्न देणाऱ्यास शिक्षा सांगितली आहे. गाभण कुत्री ज्याच्या घराजवळ येईल, त्याने पिल्ले मोठी होईपर्यंत तिचे पोषण करावे, असाही दंडक आहे. मालक नसलेल्या प्राण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे हे स्पष्ट उत्तर होय. डोक्यामागे आठ आण्यांच्या हिशेबात हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

पुढे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम २८९ ने वेगळी दिशा घेतली. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने पुरेशी खबरदारी घेतली नाही तर तो दोषी. या कलमात कोणत्याही जातीचे नाव नाही. असे असूनही १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने पिटबुल, रॉटवायलर इत्यादी २३ जातींची आयात, पैदास व विक्री रोखण्यास राज्यांना कळविले. त्या यादीत नुसते ‘टेरियर’ असेही लिहिलेले होते. एवढ्या एका शब्दात किती भिन्न स्वभावाची कुत्री कोंबली गेली, हे जाणकारांस सांगावयास नको! कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते परिपत्रक रद्द ठरविले. नेदरलँड्सनेही १९९३ ची पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली होती. कलम २८९ मधील तत्त्व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये कायम असून, दंडाची मर्यादा एक हजारावरून पाच हजार रुपये झाली आहे.

आळीच्या कुत्र्याला २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी ‘सामुदायिक प्राणी’ हे नाव दिले. त्याच्या खाण्याची व्यवस्था रहिवासी संघाने अथवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीने करावयाची आहे. विसरवाडीसारख्या ठिकाणी रहिवासी संघ नसतात. तेथे हे काम ग्रामपंचायतीकडेच येते.