वतन

निवडणूक जवळ आली की 'हा मतदारसंघ म्हणजे त्यांच्या घराण्याचं वतनच' हे वाक्य हमखास ऐकू येतं. अरबीत 'वतन' म्हणजे राहण्याचं ठिकाण, मायभूमी. हिंदी-उर्दूत हाच अर्थ टिकला. दख्खनच्या सुलतानी कारभारातून मराठीत रुजताना मात्र त्याला वंशपरंपरेचा हक्क चिकटला. पाटील, कुलकर्णी, देशमुख वतनदार झाले. वतनापायी भाऊबंदांत मुडदे पडले. वतनदारांपासून राज्यानं सावध राहावं, हे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं आहे.

मला अस्वस्थ करतं ते महार वतन. तुटपुंजी जमीन आणि बलुतं. बदल्यात सांगावे पोचवायचे, सरकारी खजिन्याच्या सोबतीला चालायचं, रात्री-अपरात्री हाकेला धावायचं. पाटलाला मान देणारा शब्द इथं पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ झाला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. ही वतनं रद्द करणारा कायदा आला १९५८ मध्ये.

तरी सातबाऱ्यावर 'महार वतन' हा शेरा आजही भेटतो. अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तलाठी तिला अजून 'वतनी'च म्हणतात.