लेकीची लोहडी

संक्रांतीची आदली रात्र. लुधियान्यात भाचीच्या अंगणी लोहडीची आग पेटली होती. तिच्या तान्ह्या लेकीसाठी मी हलव्याचे दागिने नेले होते. आपल्याकडचे बोरन्हाण आठवत होते.

बायकांच्या गाण्यात दुल्ला भट्टीचे नाव येई. अकबराशी बंड मांडणारा हा वीर १५९९ साली लाहोरात फासावर गेला. लोककथा सांगते, नाडलेल्या मुली सोडवून त्याने बापाच्या मायेने त्यांची लग्ने लावली. आहेर शेरभर साखरेचा! गाणे मुलींच्या कैवाऱ्याचे, पण पहिल्या लोहडीचा थाट पिढ्यान्‌पिढ्या मुलग्यांचाच. २००१ च्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ७९८. २०११ साली ८४६.

विहीणबाई म्हणाल्या, “भाईसाहेब, माझ्या वेळी अंगणात आग पेटली नव्हती.” आणि नातीच्या नावाने त्यांनी मूठभर रेवड्या आगीत टाकल्या.