पेटीतलं बाळ

"पेटीत ठेवलंय." आपल्याकडे एवढे दोन शब्द कानावर आले की माणूस जास्त काही विचारत नाही. फक्त "किती ग्रॅमचं?" म्हणतो आणि गप्प होतो. इन्क्युबेटर हा शब्द घराघरात रुळलाच नाही, पण 'पेटी' सगळ्यांना कळते.

गेल्या वर्षी आमच्या कन्हानच्या घरातली एक चिमुकली अशीच पेटीत होती. १३८० ग्रॅम. (आता ती मजेत आहे, घरभर रांगते, तेव्हा काळजी नसावी!) चार दिवसांनी आईची सुट्टी झाली, बाळाची नाही. मग बाळ नागपुरात, आई कन्हानला, आणि दुधाची बाटली घेऊन बाप सकाळ-संध्याकाळ नदीच्या पुलावर. आमची आजी एकदा म्हणाली, "लेकरू तिकडे अन् माय इकडे, हे कायचं बाळंतपण?" तेव्हा सगळ्यांनी तिला गप्प केलं. डॉक्टरांना कळतं ना! पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून जरा वाचायला बसलो. तर मंडळी, आजीचा प्रश्न सव्वाशे वर्षं जुना निघाला.

पेटीच्या आधी काय होतं? कापूस होता. आपला मुलूखच कापसाचा. अमक्याला म्हणे कापसात गुंडाळून वाढवला, अशी गोष्ट इथल्या बहुतेक घरांत एखादी तरी सापडते. शिवाय बाजेखाली शेगडी. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही" हेही सगळ्यांनी ऐकलेलं. (हे साफ खोटं. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ बळकट.) मूळ शहाणपण मात्र खरं होतं, लहान बाळाला ऊब हवी. अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, त्यामुळे अंगातली उष्णता भराभर निघून जाते.

पॅरिसच्या प्रसूतिगृहातले डॉक्टर स्टेफान तार्निए यांनी १८७८ च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि तसंच यंत्र बाळांसाठी बनवून घेतलं. लाकडी पेटी, खाली गरम पाणी, वर बाळं. २००० ग्रॅमच्या आतल्या बाळांतली पूर्वी १०० पैकी ६६ दगावत, ती संख्या ३८ वर आली. अंड्यांच्या यंत्रानं एवढं केलं!

पण तार्निएंचे शिष्य पिएर बुदँ यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बाळ पेटीत जगतं, पण आई दुरावते. जिला बाळापाशी येऊ दिलं नाही, तिचा जीव हळूहळू त्यातून निघत जातो. म्हणून त्यांनी काचेच्या भिंतींच्या पेट्या वापरल्या, आईला निदान बाळ दिसावं म्हणून. १९०० साली त्यांनी हे पुस्तकात लिहून ठेवलं.

जगानं त्यातली पेटी उचलली आणि आई विसरली. अमेरिकेत तर कमालच झाली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत मार्टिन कूनी नावाचा गृहस्थ १९०३ पासून १९४३ पर्यंत पेटीतली बाळं तिकीट लावून दाखवत होता! २५ सेंट तिकीट. आईबापांकडून मात्र तो एक पैसा घेत नसे आणि त्यानं हजारो बाळं वाचवली. त्याला नावं ठेवावीत की नमस्कार करावा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आई परत आली ती गरिबीमुळे. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, एका पेटीत दोन-तीन बाळं, त्यातून जंतुसंसर्ग. डॉ. एदगार रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. कांगारूसारखी, म्हणून 'कांगारू केअर'. ऊब आईची, दूधही जवळच. पुढची बरीच वर्षं मोठ्या इस्पितळांना हा गरिबांचा इलाज वाटत राहिला.

आपल्या विदर्भातली कामगिरी याहून वेगळी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाचं वजन करणं, त्याला उबदार ठेवणं, दूध पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखणं, लागलं तर इंजेक्शन देणं. जिथं पेटी पोहोचणं शक्यच नव्हतं, तिथं तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'नं छापलं. २०११ पासून देशभरात आशाताई तिसऱ्या, सातव्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्याचं मूळ या गावांत आहे. आमच्याकडेही आल्या होत्या, वजनकाटा घेऊन.

पेटीला वाईट ठरवायचं नाही. आमचं बाळ तिच्यामुळे आहे. पण कन्हानहून रेल्वेनं हावड्याच्या दिशेनं निघालं की थोड्याच वेळात भंडारा रोड येतं, आणि ते नाव आता नुसतं स्टेशनाचं राहिलं नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. त्या १० जणांच्या आया त्यांच्या जवळ नव्हत्या. नियमच तसा असतो, आई बाहेर. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासाचे निकाल आले. दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतली चार रुग्णालयं, १००० ते १७९९ ग्रॅमची तीन हजारांवर बाळं. निम्म्या बाळांना जन्मल्याबरोबर, पेटीत स्थिरस्थावर होण्याची वाट न बघता, आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीवर ठेवलं, दिवसाचे जवळजवळ १७ तास. अतिदक्षता विभागातच आईची खाट लावली. पहिल्या २८ दिवसांत या गटातली १०० पैकी १२ बाळं गेली, नेहमीच्या पद्धतीत जवळपास १६. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला. २०२२ मध्ये संघटनेनं तशी शिफारसही केली.

आजीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग खाट टाकाले काय लागते?"