एरंडेलाचे घोडे

लहानपणी आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी एरंडेल निघायचं. आई चहाच्या कपात ते ओतायची, आम्ही भावंडं भिंतीला टेकून ओळीनं उभी, आणि पळून जाण्याची वाट एकच, परसाकडची. तीही एरंडेल घेतल्यानंतरच कामाला येणारी. मिसरूड फुटल्यावर मी या पदार्थाशी कायमची फारकत घेतली. आमच्या खानदेशात एरंडोल नावाचं गाव आहे, तिथून बस जाऊ लागली तरी मी खिडकी लावून घेत असे. पुढे म्हातारपणी हेच एरंडेल मोटारशर्यतीच्या निमित्तानं पुन्हा घरात येईल, असं कुणी सांगितलं असतं तर त्यालाच मी एक चमचा पाजला असता.

निमित्त झालं आमच्या भाचेरावांचं. स्वारी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेला म्हणून आजोळी शहाद्याला आली ती बगलेत खोकं घेऊन. खोक्यात हातभर लांबीची मोटार.

"एवढा घोडा झालास आणि खेळणी कसली आणतोस?" मी म्हटलं.

"मामा, खेळणं नाही. नायट्रो इंजिन आहे. साडेतीन सीसी. आणि मॉडिफाइड." शेवटचा शब्द त्यानं, लोक 'फॉरेन रिटर्न्ड' म्हणतात तसा उच्चारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, आणि यात्रेपेक्षा नावाजलेला तिथला घोडेबाजार. लोक देवाला नारळ आणि घोड्याला लाखांच्या बोल्या वाहतात. एका पांढऱ्याशुभ्र घोडीपुढे मी आ वासून उभा असताना भाचेराव कानाशी लागले, "मामा, माझ्या इंजिनात असे दोन-अडीच आहेत."

मला ते अतिशयोक्तीचं वाटलं. पण अश्वशक्तीचा हिशोब जेम्स वॉटनं घालून ठेवला आहे. तेहतीस हजार पौंडांचं वजन एका मिनिटात एक फूट उचललं की एक घोडा. त्या हिशोबानं साडेतीन सीसीच्या शर्यती इंजिनातून खरंच दोन-अडीच घोडे निघतात. माझी जुनी चेतक स्कूटर याच्या चाळीसपट मोठ्या इंजिनाची, आणि तिच्यात घोडे सहा-सात. (1972 साली ती निघाली तेव्हा लग्नाच्या बोलणीत तिला हुंड्याच्या बरोबरीचा मान होता. 2020 साली चेतक परत आली ती विजेवर. असो.)

भाचेरावांना त्या गाडीसह शर्यतीला जायचं होतं. मुंबईच्या आयआयटीत 1998पासून 'टेकफेस्ट' भरतो आणि तिथं 'फुल थ्रॉटल' नावानं अशा इंधनावरच्या रिमोट गाड्यांच्या शर्यती झालेल्या आहेत. त्याच धर्तीची शर्यत मुंबईकडच्या एका कॉलेजात होती. (1998 सालीच 1 जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. आम्हाला कलेक्टर कचेरी मिळाली, त्यांना टेकफेस्ट.) शर्यतीला आठ दिवस होते. स्वारीनं मेथॅनॉल आणि नायट्रोमिथेन मोजून मिसळलं, बाटली माझ्या हाती दिली आणि मित्राकडे जाता जाता म्हणाली, "मामा, तेल संपलंय. तेवढं एरंडेल आणून ठेवा. लिटरला दोनशे मिली."

मला वाटलं, पोरगं माझी टिंगल करतंय. इंजिनाला एरंडेल? त्याला काय बद्धकोष्ठ झालंय? पंचवीस वर्षं चेतक चालवलेला माणूस मी. टू-स्ट्रोक इंजिनाला टू-टी ऑइल लागतं हे मला पेट्रोलपंपावरच्या पोराइतकं ठाऊक. माळ्यावर निम्मा डबा पडलेला होता. दोनशे मिली मोजून ओतलं. ते इंधनात मिसळेना. ढवळलं की दूध, ठेवलं की पुन्हा तेल वेगळं आणि इंधन वेगळं, अगदी भाऊबंदकी. मी बाटलीचं ताक घुसळलं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं वर लिहून ठेवलं : 'हलवून वापरावे'.

संध्याकाळी अंगणात गाडी सुरू झाली. मिनिटाला तीस हजारांवर फेरे घेणारं इंजिन कसं ओरडतं ते ऐकल्याशिवाय कळायचं नाही. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग पळाली. गाडी तुळशीवृंदावनाला दोन वळसे घालून सरळ सुटली, आवाज चढत गेला, आणि मग 'खट्'. बस्स. बारशाच्या घरात एकदम लाईट जावेत तशी शांतता.

भाचेरावांनी बाटली उजेडात धरली. तेल खाली बसू लागलं होतं. त्यानं लेबल वाचलं, माझं अक्षर ओळखलं, आणि काहीही बोलला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. मी खर्च विचारला. म्हणाला, "पिस्टन आणि स्लीव्ह नवी मिळेल मामा. पण ही मी बनवली होती." इंजिन उघडून त्यानं बोटभर रुंदीची ती नळी दाखवली. आतून ओरखडे उमटलेले. तिच्या खिडक्यांच्या कडा त्यानं, दाताच्या डॉक्टरकडे असतं तसल्या हिऱ्याच्या टोकाच्या यंत्रानं, होस्टेलात रात्री जागून केसाकेसानं घासल्या होत्या. हेच ते मॉडिफाइड. पैशाची भरपाई करता येते. त्या रात्री मी कुठल्या दुकानातून आणणार?

प्रायश्चित्त म्हणून मी या इंजिनाचा इतिहास वाचायला घेतला.

टू-स्ट्रोक इंजिन म्हणजे लग्नातली घाईची पंगत. जेवलेले उठताहेत आणि नवे बसताहेत, दोन्ही दारं एकदमच उघडी. साहजिकच काही नवे पाहुणे न जेवताच मागच्या दारानं बाहेर पडतात, म्हणजे इंधन वाया. 1920च्या दशकात जर्मनीतल्या श्न्यूर्ले यांनी आत येणाऱ्यांना अशा कोनातून वळवलं की ते थेट बाहेरच्या दाराकडे जाणारच नाहीत. त्यावर कडी केली वॉल्टर काडेन यांनी. युद्धात हे गृहस्थ पेनेम्युंडेच्या अग्निबाणांच्या तळावर होते; पुढे पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात मोटारसायकली पळवू लागले. त्यांनी धुराड्याच्या नळीला पोट आणलं, पुढे पुन्हा निमुळतं केलं. धुराचा दाब त्या निमुळत्या भिंतीवर आपटून परत येतो आणि न जेवता निघालेल्या पाहुण्यांना ढकलून पुन्हा पंगतीत बसवतो. 1961 साली त्यांच्या 125 सीसीच्या इंजिनानं लिटरला 200 घोडे या हिशोबानं ताकद दिली. त्याच वर्षी त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीहून परस्पर पळाला तो सुझुकीकडे. पुढच्याच वर्षी सुझुकीनं 50 सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. म्हणजे शेजारणीनं लोणच्याची कृती पळवावी आणि हळदीकुंकवाला तिचीच वाहवा व्हावी. भाचेरावांच्या गाडीला चिकटलेली पुंगीसारखी नळी म्हणजे काडेन यांचाच वारसा.

नुसत्या पंगतीनं भागत नाही, वाढायलाही भरपूर लागतं. इथं नायट्रोमिथेन येतं. एक किलो पेट्रोल जाळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते, मेथॅनॉलला साडेसहा, आणि नायट्रोमिथेनला जेमतेम पावणेदोन, कारण ते आपला प्राणवायू बरोबर आणतं. शिदोरी बांधून आलेला पाहुणा! साडेतीन सीसीच्या खोलीत हवा ती किती मावणार; पण पाहुणे शिदोरीवाले असले की कितीतरी जास्त बसवता येतात. बरं, या इंजिनात ठिणगी पाडायला काही नाही. रे आर्डेन या अमेरिकनानं 1947 साली ग्लो-प्लग आणला. प्लॅटिनमच्या तारेचं एक वेटोळं सुरुवातीला बॅटरीनं तापवायचं, मग बॅटरी काढून घ्यायची. मेथॅनॉलच्या संगतीत ते आपलं आपण धुमसत राहतं. एकदा डिवचल्यावर स्वतःच्या हिमतीवर तापलेली माणसं आपल्याही आळीत असतात. 1970च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत ही विमानांच्या मॉडेलांची इंजिनं रिमोटच्या मोटारींत बसली आणि शर्यतींना ऊत आला.

आणि मग तो परिच्छेद आला, जो वाचून माझी मान खाली गेली. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांना वंगण म्हणून एरंडेलच असे. पेट्रोलमध्ये ते सहजी विरघळत नाही, म्हणून धुपून जात नसे. हरदित सिंग मलिक यांनी 1917 साली चालवलं ते सॉपविथ कॅमल विमान असंच. इंजिन फिरताना एरंडेलाचा फवारा मागं वैमानिकाच्या तोंडावर यायचा आणि आकाशात शत्रूपेक्षा पोट आवरणं कठीण व्हायचं. आमच्या रविवारचं दुःख सॉपविथ कॅमलपर्यंत पोचलेलं होतं तर! 1909 साली वेकफील्ड कंपनीनं आपल्या वंगणाला 'कॅस्ट्रॉल' नाव दिलं तेही कॅस्टरवरून, म्हणजे एरंडावरून. आणि गंमत पाहा, पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून जे तेल तिथं हवं, तेच मेथॅनॉलमध्ये विरघळतं म्हणून इथं हवं. माझं टू-टी खनिज तेल, ते मेथॅनॉलशी बोलायलाही तयार नाही. इंधन कोरडंच आत गेलं आणि पितळेच्या नळीत ॲल्युमिनियमचा पिस्टन घासून निघाला. जगात सर्वांत जास्त एरंड भारतात पिकतो, त्यातला बहुतेक आमच्या शेजारच्या गुजरातेत. नवापूरच्या स्टेशनावर अर्धं बाकडं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. आणि एरंडेल ओळखायला मला महायुद्ध वाचावं लागलं.

नवी स्लीव्ह कुरिअरनं आली तेव्हा चार दिवस उरले होते. पैसे मी दिले. त्या तिन्ही रात्री भाचेराव माजघरात बसून कडा घासत होते आणि मी बॅटरी धरून उभा होतो. "मामा, हात हलतोय," एवढंच काय ते संभाषण. तिसऱ्या रात्री मात्र त्यानं भिंग माझ्या हाती दिलं आणि विचारलं, "ही कड समान वाटते का हो?" मला काही कळलं नव्हतं. पण विचारलं, म्हणून मी पाच मिनिटं पाहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी मीच बाजारात जाऊन एरंडेल आणलं. ते बाटलीत ओतलं तर कुठं गेलं ते दिसेना. अंगणात इंजिन आधी हळूहळू, धूर सोडत चाललं आणि सगळ्या घरात तो वास पसरला. ओट्यावर बसलेल्या आईनं नव्वदीच्या कानांनी आवाज ऐकला नाही, पण नाक शाबूत आहे. ती म्हणाली, "कुणाचं पोट बिघडलंय रे?"

मुंबईहून रात्री फोन आला. दुसऱ्याच फेरीत उडी घेताना मागचं चाक निखळलं आणि गाडी बाहेर पडली.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"चालूच होतं मामा. तीन चाकांवर उलटी पडली तरी ओरडत होती. शेवटी मीच बंद केलं."

आईनं हातातून फोन घेतला आणि त्याला बाहेरचं अरबट-चरबट खाऊ नकोस म्हणून सांगितलं.