दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि घरी गेल्यावर कळणारी मूत्रवाहिनीची इजा

गर्भाशय काढणे, फायब्रॉइडच्या गाठी किंवा अंडाशयातील गळू काढणे या शस्त्रक्रिया आता मोठ्या प्रमाणावर पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने केल्या जातात. वेदना कमी, रक्तस्राव कमी आणि दोन-तीन दिवसांत घर, हे या पद्धतीचे खरे लाभ आहेत. मात्र लवकर घरी जाण्याच्या याच सोयीत एक अडचण दडलेली असते. शस्त्रक्रियेत मूत्रमार्गाला इजा झाली असेल, तर तिची लक्षणे अनेकदा रुग्ण घरी पोहोचल्यानंतरच दिसू लागतात.

इंदूरसारख्या शहराचा विचार केला की ही अडचण नीट लक्षात येते. महाराजा यशवंतराव होळकर यांच्या नावाचे 'एम. वाय.' रुग्णालय, १९४८ साली स्थापन झालेले महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि अनेक खासगी रुग्णालये यांमुळे माळवा, निमाड, झाबुआ इथले रुग्ण तेथे येतात; बुऱ्हाणपूर आणि खानदेशातील मराठी कुटुंबेही उपचारांसाठी इंदूर गाठतात. तिसऱ्या दिवशी घरी सोडलेली बडवानीची स्त्री आपल्या शल्यविशारदापासून दीडशे किलोमीटर दूर जाते. दहाव्या दिवशी ताप आला, तर ती गावातल्याच डॉक्टरांकडे जाणार. गोव्यात काणकोण किंवा सत्तरीहून बांबोळीचे अंतर त्या मानाने थोडे आहे. पण शस्त्रक्रियेसाठी बेळगाव वा मुंबईला जाणाऱ्यांना हीच गोष्ट लागू पडते.

इजा होण्याचे मूळ शरीररचनेत आहे. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे मूत्र नेणारी मूत्रवाहिनी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असते. ओटीपोटात उतरताना ती गर्भाशयाच्या धमनीच्या खालून, गर्भाशयमुखापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटरवरून जाते. पुलाखालून वाहणारे पाणी, अशी तिची खूण वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवली जाते. गर्भाशय काढताना नेमकी हीच धमनी बंद करावी लागते. मूत्राशय तर गर्भाशयाला पुढून चिकटूनच असतो. आधी सिझेरियन झालेले असेल, एंडोमेट्रिओसिसमुळे अवयव एकमेकांना चिकटले असतील किंवा गाठ फार मोठी असेल, तर हे थर सुटे करणे अवघड होते.

हॅरी राइश यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १९८८ साली दुर्बिणीच्या साहाय्याने पहिले गर्भाशय काढले. पुढच्या काही वर्षांत ही पद्धत झपाट्याने पसरली आणि तिची किंमतही कळली. फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींनुसार १९९० ते १९९५ या काळात दुर्बिणीतून गर्भाशय काढलेल्या दर १,००० स्त्रियांमागे सुमारे १४ जणींच्या मूत्रवाहिनीला इजा झाली. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांत हे प्रमाण हजारी एकाहूनही कमी होते. त्याच देशातील २००६ च्या पाहणीत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांतील हे प्रमाण हजारी तीनच्या आसपास उतरले. उपकरणे सुधारली हे खरे, पण मोठा वाटा सरावलेल्या हातांचा मानावा लागतो. म्हणून 'आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत?' हा प्रश्न रुग्णाने डॉक्टरांना विचारणे उद्धटपणाचे नाही.

मूत्राशयाला पडलेले छिद्र बहुधा टेबलावरच दिसते. ते तेव्हाच शिवले आणि एक-दोन आठवडे कॅथेटर ठेवला, की बहुतेक वेळा भरून येते. मूत्रवाहिनीचे तसे नसते. रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी वापरलेल्या विद्युत उपकरणाची उष्णता काही मिलिमीटर पसरली, तरी तिची भिंत भाजते. त्या क्षणी ती शाबूत दिसते. भाजलेला भाग पुढे गळून पडतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी मूत्र पोटात किंवा योनिमार्गात झिरपू लागते.

कुशीत वा कमरेच्या एका बाजूस दुखणे, थंडी वाजून ताप, पोट फुगणे, उलट्या, लघवी कमी होणे ही लक्षणे अशा वेळी दुर्लक्षिण्याजोगी नसतात. योनिमार्गातून सतत पाण्यासारखा स्राव होणे ही तर सर्वांत मोठी खूण. खोकताना-शिंकताना थेंबभर लघवी होणे वेगळे आणि रात्रंदिवस, झोपेतही कपडे ओले होणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात मूत्रमार्ग आणि योनी यांच्यामध्ये फिस्टुला, म्हणजे आरपार वाट, तयार झाल्याची शक्यता असते. अनेक स्त्रिया संकोचाने हे सांगत नाहीत, घड्या बदलत राहतात. कधी 'अंगावरून पांढरे जाते' असे समजून औषध दिले जाते. काही वेळा मूत्रवाहिनी टाक्यात आवळली जाते आणि कोणतेही ठळक लक्षण न देता त्या बाजूचे मूत्रपिंड सुजून निकामी होत जाते.

निदान अवघड नाही, शंका मात्र यावी लागते. सोनोग्राफीत मूत्रपिंडाची सूज दिसते, सीटी युरोग्राफीत गळतीची जागा कळते. पोटात साचलेल्या द्रवातील क्रिएटिनिन रक्तापेक्षा बरेच जास्त असेल, तर तो द्रव मूत्रच असतो. एक जुनी आणि स्वस्त चाचणी आजही उपयोगी पडते. मूत्राशयात निळे औषध भरून योनिमार्गात कापसाचे तीन बोळे ठेवतात. आतला बोळा निळा झाला तर गळती मूत्राशयातून. ओला झाला पण निळा झाला नाही, तर मूत्रवाहिनीतून.

लवकर कळल्यास मूत्रवाहिनीत स्टेंट घालून काम भागू शकते. ते न जमल्यास मूत्रवाहिनी मूत्राशयाला नव्याने जोडावी लागते. हीसुद्धा आता दुर्बिणीतून करता येते. मूत्राशयाचा लहान फिस्टुला कधी केवळ कॅथेटरवर बुजतो. एरवी सूज ओसरेपर्यंत काही आठवडे थांबून तो शिवतात. त्यासाठी युरोलॉजिस्ट असलेले रुग्णालयच गाठावे आणि शस्त्रक्रियेचा तपशील लिहिलेला कागद सोबत न्यावा, केवळ बिल आणि औषधांची चिठ्ठी पुरत नाही.

स्टेंट साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढावा लागतो. दुखणे थांबले की तो विसरला जातो, विशेषतः रुग्णालय परगावी असेल तर. आणि महिनोन्महिने राहिलेल्या स्टेंटवर क्षार साचून खडे धरतात. तो काढण्याची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्यावी आणि घरातील आणखी एका व्यक्तीला सांगून ठेवावी.