उचल (ऊसतोडणी करार)

ऊसतोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी मुकादमाने मजुराला त्याच्या भावी मजुरीपोटी दिलेल्या आगाऊ रकमेस उचल असे म्हणतात. ही पद्धत महाराष्ट्रात, विशेषतः ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीड जिल्ह्यात रूढ आहे. उचल घेताना मजूर विशिष्ट हंगामात विशिष्ट टोळीत काम करण्याचे वचन देतो, त्यामुळे या व्यवहारास भारतीय संविदा अधिनियम, १८७२ मधील तत्त्वे लागू होतात. वचन मोडल्यास मजुरावर पैशाची जबाबदारी येऊ शकते. मात्र त्याला अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

व्यवहाराचे स्वरूप

बालाघाटच्या डोंगररांगांतील धारूर, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी आदी तालुक्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पती-पत्नीच्या जोडीला ‘एक कोयता’, तर एकट्या मजुराला ‘अर्धा कोयता’ म्हणतात.

पैसा साधारणपणे कारखान्याकडून वाहतूकदार किंवा मुकादमाकडे आणि तेथून मजुराकडे जातो. कारखान्याशी होणारा करार बहुधा मुद्रांक कागदावर असतो. मुकादम व मजूर यांच्यातील करार मात्र अनेकदा तोंडी असतो किंवा कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन केला जातो. तोडलेल्या उसाच्या टनावारी मजुरीतून उचल वळती केली जाते. ती न फिटल्यास उरलेली बाकी पुढील हंगामावर चढते. तोडणीचा दर साखर संघ व कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य करण्यात आली.

वैध संविदेच्या अटी

कायद्याने अंमलात आणता येण्याजोगा करार म्हणजे संविदा. कलम १० नुसार त्यासाठी सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर प्रतिफल आणि कायदेशीर उद्देश आवश्यक असतात. एरवी लेखी दस्तऐवज अनिवार्य नाही, त्यामुळे तोंडी उचलही वैध ठरू शकते; अडचण येते ती पुराव्याची.

प्रस्ताव व स्वीकृती : मुकादमाने रक्कम, दर व हंगाम सांगणे हा प्रस्ताव आणि मजुराने तो मान्य करून रक्कम घेणे ही स्वीकृती होय. दोन्ही पक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केलेली असावी लागते (कलम १३). कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन नंतर भरलेल्या मजकुरास मजुराची संमती होती काय, हा प्रश्न येथेच उद्भवतो.

प्रतिफल : मजुराचे श्रम आणि त्यांच्या बदल्यात मिळणारी मजुरी ही परस्परांची प्रतिफले आहेत. उचल ही मजुरीचाच आगाऊ दिलेला भाग असते.

पक्षांची सक्षमता : अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) या खटल्यात दिला. त्यामुळे सोळा वर्षांच्या मुलाने ‘अर्धा कोयता’ म्हणून उचल घेतली, तरी तो करार त्याच्यावर बंधनकारक होत नाही.

पक्ष कोण : संविदा सामान्यतः तिच्या पक्षांवरच बंधनकारक असते. उचल बहुतेक वेळा पतीच्या हाती दिली जाते, परंतु ‘कोयत्या’त पत्नीचे श्रमही मोजले जातात. पतीच्या वचनाने पत्नी आपोआप बांधली जात नाही. तिची स्वतःची संमती आवश्यक असते. मुकादमाने कारखान्याच्या वतीने मजूर भरती केल्याचे सिद्ध झाल्यास तो कारखान्याचा अभिकर्ता ठरू शकतो (कलम १८२) आणि त्याच्या कृतींची जबाबदारी कारखान्यावर येऊ शकते.

मुक्त संमती : जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, कपट किंवा दिशाभूल करणारे निवेदन यांतून मिळवलेली संमती मुक्त नसते. अशी संविदा शून्यकरणीय, म्हणजे पीडित पक्षाच्या इच्छेनुसार रद्द करता येण्याजोगी असते. केवळ गरिबी हा गैरवाजवी प्रभावाचा पुरावा नव्हे. दुसऱ्या पक्षाने आपल्या वरचढ स्थितीचा गैरफायदा घेतल्याचे दाखवावे लागते.

संविदाभंग आणि उपाय

मजूर उचल घेऊन कामावर न गेल्यास किंवा हंगाम अर्धवट सोडून गेल्यास मुकादमाचेही नुकसान होते, कारण त्याने स्वतः कारखान्याकडून पैसे घेतलेले असतात. त्याला रकमेच्या वसुलीसाठी दिवाणी दावा करता येतो. त्याची मुदत साधारणतः तीन वर्षे असते. कलम ७३ नुसार भरपाई नैसर्गिकपणे झालेल्या नुकसानीपुरती मिळते. सुटलेल्या कोयत्याच्या जागी दुसरा कोयता मिळाला असेल, तर तेही विचारात घेतले जाते.

वैयक्तिक सेवेच्या संविदेची सक्तीने अंमलबजावणी न्यायालय सहसा करत नाही. मजुराने पैसे परत करावेत असा हुकूम होऊ शकतो. त्याने फडात येऊन ऊस तोडावा असा नव्हे. संविदाभंग हा स्वतःहून फौजदारी गुन्हाही नाही. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी रक्कम घेतानाच अप्रामाणिक हेतू असावा लागतो.

गैरहजेरीबद्दल आकारल्या जाणाऱ्या दंडास ‘खाडा’ म्हणतात. कलम ७४ नुसार करारात रक्कम आधी ठरलेली असली, तरी त्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाईच देय असते.

उचल आणि वेठबिगारी

प्रत्येक उचल वेठबिगारी नसते. मात्र आगाऊ रकमेच्या बदल्यात मजुराला नाममात्र मजुरीवर राबवले जात असेल किंवा त्याचे दुसरीकडे काम करण्याचे वा फिरण्याचे स्वातंत्र्य हिरावले जात असेल, तर वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ लागू होतो. अशा वेळी करार शून्य ठरतो आणि वेठबिगारीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच संपुष्टात येते. आर्थिक विवशतेतून किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करावे लागणे हीदेखील संविधानाच्या अनुच्छेद २३ खालील सक्तीची मजुरी होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात म्हटले.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ब्रिटिश भारतात १८५९ च्या कामगार संविदाभंग कायद्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या मजुराला तुरुंगवास होऊ शकत असे. १९२५ मध्ये तो रद्द करण्याचा कायदा झाला. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८७२ चा अधिनियम या भागास १९५१ च्या कायद्याने लागू झाला.

हे सुद्धा पहा

ऊसतोड कामगार
महाराष्ट्रातील साखर उद्योग
बीड जिल्हा
वेठबिगारी